नफ्याला मुदत, वतनाला नजराणा

या देशात जमीन विकणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिल्या जातीचा माणूस जमीन विकतो, नफा खिशात घालतो आणि सरकार त्याला म्हणतं, "घाई नाही शेठ. या पैशातून दुसरी जागा घ्या. कराचं मग बघू." दुसऱ्या जातीचा माणूस जमीन विकायला निघतो तेव्हा तेच सरकार दंडुका आपटून विचारतं, "कोणाच्या परवानगीने? अर्धी रक्कम आधी इथं ठेव." पहिला इन्व्हेस्टर. दुसरा महार वतनदाराचा वारस. दोघांच्या जमिनीला बांध एकच असेल, पाऊस एकच पडत असेल, भाव एकच फुटत असेल. कायदे मात्र दोन. मी त्या दोन कायद्यांवर लिहितोय.

आपल्यातलेच काही जण नाक मुरडतील. कवीने भुकेवर लिहावं, हे इन्कमटॅक्सचं काय काढलं? दोस्तांनो, भूक आभाळातून पडत नाही. ती कलमांतून येते, पोटकलमांतून येते, 'परंतु' आणि 'तथापि'च्या मागे दबा धरून बसते. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. दिवसा माल वाहतो, रात्री वाचतो. आयकराचा कायदा वाचायला घेतला तेव्हा कळलं की ही पोथी मुद्दाम अवघड केलेली आहे. एके काळी वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओतायला सांगणारे होते. आता शिशाचा खर्च वाचला. भाषाच शिशासारखी जड केली की काम भागतं. आणि आपण म्हणतो, कर हा पैसेवाल्यांचा विषय आहे, सी.ए. बघतील. बघतातच साले. त्यांचं बघतात. म्हणून मी सरळ मराठीत सांगतो, तुम्ही सरळ मराठीत पुढे सांगा.

माझं गाव एकलहरे. नाशिकरोडच्या पलीकडे, गोदावरीच्या काठचं. बाहेरच्यांना ते औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांमुळे माहीत. १९७० साली इथला पहिला संच सुरू झाला, १९८१ पर्यंत पाच झाले. पहिले दोन आता कायमचे बंद, २१० मेगावॅटचे तीन उरलेत. त्या धुराड्यांच्या आसपासची जमीन पूर्वी पिकावरून ओळखली जायची, आता गुंठ्याच्या भावावरून ओळखली जाते. २०११ च्या शिरगणतीत नाशिक महापालिकेची वस्ती १४ लाखांच्या वर निघाली. आयकराचा कायदा म्हणतो, १० लाखांवर वस्ती असलेल्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आत जी शेतजमीन, ती नुसती शेतजमीन नाही. ती भांडवली मालमत्ता. त्याच्या पलीकडची शेतजमीन विकली तर नफ्यावर करच नाही. एकलहरे आठ किलोमीटरांच्या आत येतं. म्हणजे इथला जमीनवाला जमीन विकतो तेव्हा त्याच्या नफ्यावर कर लागतो. लागतो म्हणजे कागदावर लागतो. तो कागदावरून कसा उडतो ते बघा.

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ५४ होतं आणि त्याच्यामागे त्याची पिल्लं: ५४ब, ५४फ, ५४ईसी. २०२५ साली संसदेने नवा आयकर कायदा केला, १ एप्रिल २०२६ ही त्याच्या अंमलाची तारीख. कलमांचे आकडे बदलले, पिल्लं जिवंत राहिली. लोकांच्या तोंडी जुने आकडे आहेत म्हणून मी तेच वापरतो.

कलम ५४ म्हणतं: जुनं घर विकून नफा झाला आणि त्या नफ्याचं दुसरं घर घेतलं तर त्या नफ्यावर कर नाही. विकलेलं घर स्वतः राहायचं असावं अशी अट नाही, भाड्याने लावलेलं चालतं. नवं घेतलेलंही भाड्याने लावा. ५४फ म्हणतं: प्लॉट विका, शेअर विका, सोनं विका, सगळी रक्कम घरात घाला, कर नाही. ५४ब म्हणतं: शेतजमीन विका आणि दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्या, कर नाही. ५४ईसी म्हणतं: जमीन नाहीतर इमारत विकली ना, सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत घाला, पाच वर्षं ठेवा, कर नाही. दरवाजे चार, खोली एकच. त्या खोलीत शिरलं की वसुलीवाला दिसत नाही.

हिशेब करून दाखवतो. समजा एकाने नाशिकरोडला घर घेतलं होतं १० लाखांना. आता विकलं १ कोटीला. नफा ९० लाख. २३ जुलै २०२४ पासून असा नफा असेल तर साडेबारा टक्के कर. म्हणजे सव्वा अकरा लाख, वर सरचार्ज आणि सेस वेगळा. त्याआधीची खरेदी असेल तर दुसरीही वाट आहे: महागाई वजा करून वीस टक्के. दोन्हींत जो कर कमी बसेल तो द्यायचा. हॉटेलात जेवायला बसल्यासारखी निवड आहे, राइस प्लेट घ्या नाहीतर पुरी-भाजी. पण आपल्या माणसाला दोन्ही नको असतात. तो ९० लाखांचा फ्लॅट घेतो. कर शून्य.

तुम्ही म्हणाल, कर पुढे ढकलला, आज ना उद्या देईलच. इथंच मेख आहे. नवा फ्लॅट तीन वर्षांच्या आत विकला तर जुनी सवलत वसूल होते. तीन वर्षं थांबला की पुढच्या वेळी हिशेब ९० लाखांपासून सुरू. मागचा नफा कायद्याच्या आठवणीतून पुसला. तीन वर्षं लांबवलेला कर चौथ्या वर्षी माफ झालेला असतो. तेव्हा याला 'डिफरमेंट', 'लांबणीवर' असली गोंडस नावं देऊ नका. ही कर्जमाफी आहे. शेतकऱ्याच्या पन्नास हजारांच्या कर्जमाफीवर वर्तमानपत्रं अग्रलेख झाडतात, देश बुडतो म्हणतात. या माफीवर अग्रलेख नाही. हिचं नाव 'टॅक्स प्लॅनिंग'.

आणि मुदत तर बघा! नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षात घेतलेलं चालतं, नंतर दोन वर्षांत घेतलेलं चालतं, बांधायचं असेल तर तीन वर्षं. तोपर्यंत मनासारखी जागा मिळाली नाही तर? सरकारने १९८८ साली त्यासाठी खास बँकेतलं खातं काढलं, कॅपिटल गेन्स अकाउंट. पैसे तिथं ठेवा, व्याज खा, जागा शोधा. तीन वर्षांत नाहीच सापडली तर ज्या वर्षी मुदत संपेल त्या वर्षी कर द्या. घरातून हाकलणं नाही, जप्ती नाही. मुदत चुकलेल्या माणसाला इतक्या मऊ हाताने वागवणारा दुसरा कायदा मला सापडलेला नाही. हा शब्द, मुदत, लक्षात ठेवा. तो पुढे दुसऱ्या कपड्यांत भेटणार आहे.

ही काही आपल्याच देशाची अक्कल नव्हे. अमेरिकेत १९२१ पासून असा कायदा आहे. तिथं त्याला कलम १०३१ म्हणतात. भाड्याची इमारत विकायची, ४५ दिवसांत बदली जागेचं नाव सांगायचं, १८० दिवसांत ती घ्यायची, कर पुढे. पुन्हा विका, पुन्हा घ्या, पुन्हा पुढे. २०१७ च्या कायद्याने यंत्रं-बिंत्रं वगळली, जमीन आणि इमारती मात्र ठेवल्या. मालक मेला की वारसाच्या नावावर ती जागा त्या दिवसाच्या भावाने चढते, आयुष्यभराचा साठलेला नफा मालकाबरोबर मातीत. त्याच अमेरिकेत १८६५ च्या जानेवारीत जनरल शेर्मनने हुकूम काढला होता की सुटलेल्या गुलामांच्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन द्यायची. त्याच वर्षी प्रेसिडेंट जॉन्सनने तो फिरवला आणि जमीन जुन्या मालकांना परत. काळ्या माणसाच्या चाळीस एकरांना एक वर्ष मिळालं नाही. इमारतवाल्यांच्या सवलतीला शंभरावर वर्षं झाली.

आपल्याकडे मेल्यावर मालमत्तेवर लागणारा एक कर होता, इस्टेट ड्यूटी. १९८५ साली गेला. संपत्तीकर होता, तो २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. मेलेल्याला कर नाही, संपत्तीला कर नाही, नफ्याला मुदत. मग उरलं काय? तुमच्या-आमच्या साबणावरचा, चपलेवरचा जीएसटी. तो लांबणीवर टाकायची सोय आहे का कुठे? दुकानदाराला सांगून बघा, "शेठ, जीएसटी तीन वर्षांनी देतो, तोवर दुसरा साबण घेतो."

आता एक रास्त प्रश्न येईल. नाशिकरोडच्या नोटप्रेसमधला निवृत्त कामगार आपली दोन खोल्यांची जागा विकतो आणि मुलांसाठी मोठी घेतो. त्याच्यावर कर लावायचा का? नाही लावायचा. राहतं घर बदलणाऱ्याचा गळा धरा असं मी म्हणत नाही. पण कायद्याने सवलत त्याच्यापुरती ठेवली का? २०२३ पर्यंत कलम ५४ ला वरची मर्यादाच नव्हती. कितीही कोटींचा नफा, कितीही कोटींचा बंगला, कर नाही. २०२३ साली सरकारला लाज वाटली आणि मर्यादा घातली. किती? १० कोटी. रोज हजार रुपये मिळवणारा हमाल वर्षाचे तीनशे दिवस राबला तर वर्षाला ३ लाख. १० कोटी व्हायला त्याला ३३३ वर्षं लागतील, आणि ते न खाता. शिवाजीराजे रायगडावर होते तेव्हापासून पाठीवर गोणी घेतलेला हमाल आज त्या मर्यादेच्या जवळपास आला असता. नोटप्रेसच्या कामगाराला पुढे उभा करून त्याच्या मागून कोण आत शिरतं ते ओळखा.

माझ्याकडे विकायला पाठ आहे. तीच माझी दीर्घकालीन भांडवली मालमत्ता. धंद्याच्या इमारतीला कायदा दर वर्षी दहा टक्के घसारा देतो, म्हणजे ती झिजते हे सरकार मान्य करतं. भाड्याच्या घराच्या उत्पन्नातून दुरुस्तीच्या नावाखाली तीस टक्के सूट देतं, दुरुस्ती केली की नाही हेही न विचारता. विटांची झीज कायद्याला दिसते. पाठीच्या कण्याच्या मणक्यांना घसारा नाही.

आता त्या दुसऱ्या माणसाकडे या.

वतन म्हणजे काय ते आपल्या आजोबा-पणजोबांना विचारायला हवं होतं. गावाची राखण करा, सरकारी सांगावे पोचवा, साहेबाच्या घोड्यामागे धावा, मेलेलं ढोर ओढा, आणि या रात्रंदिवसाच्या राबण्याबद्दल गावाच्या कडेला एक तुकडा. तो तुकडा साऱ्या भावकीत वाटून हातरुमालाएवढा झालेला. १८७४ च्या वतन कायद्याने ही बेडी इंग्रजी कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ती तोडण्यासाठी बिल आणलं. १९४१ च्या ऑगस्टात त्यांनी याच नाशिक जिल्ह्यात, सिन्नरला, वतनदारांची परिषद घेतली, आणि ती कशासाठी होती? मुंबई सरकारने महार वतनांवर बसवलेल्या कराच्या विरोधात. एकलहऱ्याहून सिन्नर लांब नाही. तेव्हा कर हा आपला विषय नाही असं जे म्हणतात त्यांनी आधी बाबासाहेबांना विचारावं.

१९५८ साली कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा झाला. बेडी तुटली, पण जमीन आधी सरकारजमा झाली. ती परत पाहिजे असेल तर साऱ्याच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरा, मग ती तुम्हाला 'रिग्रँट' होईल. आणि त्याला मुदत! बघा, भेटला ना शब्द? ठराविक मुदतीत रक्कम भरली नाही तर तू तुझ्याच शेतात बेकायदा घुसलेला, तुला तिथून काढता येतं. रक्कम आज किरकोळ वाटेल. पण ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची खात्री नव्हती त्या घरात सरकारी कागद कोण वाचणार होतं? ९० लाखांच्या नफेवाल्याची मुदत चुकली तर कर भरा, एवढंच. वतनवाल्याची मुदत चुकली तर जमीनच गेली.

ज्यांनी रक्कम भरली त्यांचं काय? त्यांना जमीन मिळाली 'नवीन आणि अविभाज्य शर्तीवर'. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन. वर्ग एकचा मालक आपल्या मर्जीने विकतो. वर्ग दोनच्या महार वतनवाल्याला जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि बिगरशेतीसाठी विकायची तर २००२ च्या दुरुस्तीने घातलेला हिशेब: बाजारभावाच्या ५० टक्के नजराणा. पुन्हा वाचा. नफ्याच्या नव्हे, भावाच्या. वर्ग दोनच्या जमिनींबाबत सरकारी कागदांत एक शब्द सापडतो, 'अनर्जित' रक्कम. म्हणजे न कमावलेली. शहर वाढलं म्हणून प्लॉटवाल्याच्या जमिनीचा भाव चढला की तो नफा, त्याची हुशारी, त्याची दूरदृष्टी. तोच भाव वतनवाल्याच्या जमिनीचा चढला की तो न कमावलेला पैसा. पिढ्यान् पिढ्या ढोरं ओढून मिळालेली जमीन न कमावलेली, आणि दलालाच्या फोनवर घेतलेला प्लॉट घामाचा!

आकडे शेजारी ठेवा. दोन माणसं, दोघांना एक-एक कोटी मिळाले. पहिला सव्वा अकरा लाख देणं लागत होता, त्याने फ्लॅट घेतला आणि शून्य दिलं. दुसऱ्याने आधी ५० लाखांचा नजराणा भरला. तुझ्या ५० लाखांची दुसरी जमीन घे मग नजराणा माफ, असं कोणी म्हणालं नाही. तीन वर्षांचं खातं नाही. रोखे नाहीत. ५४ नावाचं कलम त्याच्या गल्लीत येईपर्यंत अर्धा पैसा गेलेला असतो. १९७२ साली राजा ढाल्यांनी 'साधना'त दोन शिक्षांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा सभ्य महाराष्ट्राच्या पोटात दुखलं. मी फक्त दोन वसुलींचे आकडे शेजारी ठेवतोय.

सरकारचा वकील उठेल आणि म्हणेल, ही शर्त तुमच्या संरक्षणासाठी आहे, नाहीतर धनदांडगे तुमच्या जमिनी गिळतील. वकीलसाहेब, गिळल्या नाहीत का? शर्तीमुळे झालं ते असं. उघड विक्री करता येत नाही, म्हणून साठेखत. साठेखताच्या मागे कुलमुखत्यारपत्र. अडलेला वारस चार पैशांत अंगठा देतो. घेणारा वर्षं काढतो, वरच्या कचेऱ्यांतून परवानगी आणतो, नजराणा भरतो नाहीतर चुकवतो, आणि मग तीच जमीन खऱ्या भावाने विकतो. शर्तीचा बोजा वतनवाल्याने वाहायचा, शर्त उठल्याचा भाव बिल्डरने खायचा. आणि बिल्डरकडून फ्लॅट कोण घेतो? ५४ वाला. दोन कायदे असे एका इमारतीत येऊन भेटतात. खाली पायात आपली जमीन, वर त्यांची करमाफी.

लांब जायला नको. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातली चाळीसेक एकर महार वतनाची जमीन वर्तमानपत्रांत गाजली. मूळ वतनदारांच्या कुलमुखत्यारपत्रावर एका कंपनीशी व्यवहार, किंमत ३०० कोटी, आणि दस्तावर मुद्रांक ५०० रुपयांचा. कोट्यवधींचं मुद्रांक शुल्क सवलतीच्या नावाखाली सुटलेलं. बोंब झाली तेव्हा गुन्हे दाखल झाले, व्यवहार रद्द करायची घोषणा झाली, चौकशी बसली. कोण दोषी ते कोर्ट ठरवील. माझा मुद्दा कोर्टाच्या आधीचा आहे. त्या सगळ्या गदारोळात वर्तमानपत्रांनी कंपनीची वंशावळ छापली, अधिकाऱ्यांची नावं छापली. ज्यांच्या बापजाद्यांनी ती वतनं राबून खाल्ली त्या घरांत आज चूल कशावर पेटते हे विचारायला किती जण गेले? चाळीस एकर तिकडेही हवेत विरले, इकडेही.

आता मला स्वतःला जमीन घ्यायची म्हटली तर? माझ्या नावावर सातबारा नाही. महाराष्ट्रातल्या कूळकायद्याचं, म्हणजे १९४८ च्या कायद्याचं, कलम ६३ म्हणतं की शेतजमीन शेतकऱ्याला किंवा शेतमजुराला विकता येते, इतरांना घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी. बाप शेतातून उठून शहरात हमाली करायला आला म्हणून पोरगा शेतकरीही नाही, शेतमजूरही नाही. एकलहऱ्याची जमीन विकून ५४ब खाली दुसऱ्या तालुक्यात दुप्पट जमीन घेणाऱ्याला हा कायदा सलाम ठोकतो, कारण तो आधीपासून शेतकरी. ज्याच्याकडे आहे त्याला अजून घ्यायला सूट. ज्याच्याकडे नाही त्याला घ्यायला बंदी. याला जात म्हणत नाहीत, कायदा म्हणतात.

नाही म्हणायला आपल्यासाठी योजना आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाची. नाशिक जिल्ह्याचा हा माणूस. काळाराम मंदिराच्या १९३० च्या सत्याग्रहात पुढे, आणि १९६४ च्या ६ डिसेंबरला भूमिहीनांचा जो देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला त्यातही पुढे. त्यांच्या नावाने २००४ पासून भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत द्यायची योजना आहे. कागदावर छान. पण २०१८ साली सरकारने ठरवलेला वरचा भाव: जिरायत एकरी ५ लाख, बागायत एकरी ८ लाख. वीजकेंद्राच्या आसपास या भावात एकर कोण देतो ते एकलहऱ्याच्या टपरीवर विचारून या, चहावाला सुद्धा हसेल. भाव वर नेला कोणी? करमाफीचा पैसा घेऊन नवी जागा शोधत फिरणाऱ्यांनी. मुदत संपायच्या आत घ्यायचीच असते त्यांना, मग चार पैसे जास्त देतात. त्यांची मुदत आपला भाव वाढवते, आणि आपली योजना फाइलीत म्हातारी होते. शिवाय जी थोडी जमीन या योजनेत मिळते ती विकता येत नाही, भाडेपट्ट्याने देता येत नाही. पुन्हा शर्त. आपल्याला मिळणाऱ्या प्रत्येक ढेकळाला शर्त.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये लिहून ठेवलं की शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि जमीन जातधर्म न बघता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसायला द्यावी, म्हणजे जमीनदारही राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. ते घटनेत आलं नाही. त्याऐवजी काय आलं? घरावरून घरावर उड्या मारत जाणारा नफा. आम्ही आमच्या वर्ग दोनच्या जमिनी वर्ग एक करून द्या, आम्हालाही इन्व्हेस्टर होऊ द्या, असली भीक मागत नाही. आमच्यातले चार जण प्लॉटवाले झाले म्हणून गावकुसाबाहेरचा माणूस आत येत नाही.

मागायचं ते असं. राहतं घर बदलणाऱ्याला एका घरापुरती, माफक किमतीपर्यंत सूट ठेवा. दुसरं, तिसरं, भाड्याचं, गुंतवणुकीचं जे काही असेल त्यावरचा कर विक्रीच्या वर्षीच घ्या. दहा कोटींची मर्यादा ही मर्यादा नाही, ती शिवी आहे. वतनाच्या जमिनीचा नजराणा मूळ वतनदाराच्या वारसाकडून घेऊ नका. बिगरशेती करून भाव खाणाऱ्याकडून घ्या. अंगठा घेऊन झालेली साठेखतं आणि कुलमुखत्यारपत्रं तालुक्या-तालुक्यात तपासा. आणि हा सगळा वसूल पैसा गायकवाड योजनेत घाला, तिथला भाव बाजाराप्रमाणे ठेवा, जमीन बाईच्या नावावर द्या.

सरकार हे आपण होऊन करील असं समजणारा आपल्या अंकाचा वाचक नसावा. म्हणून काम सांगतो. आपल्यातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गावचा आहे. सुट्टीत गावी गेलात की जत्रा, लग्न, बुद्धपौर्णिमा सगळं करा, पण एक दिवस तलाठ्याच्या कचेरीत घाला. गाव नमुना एक-क मागा. शर्तीवर दिलेल्या जमिनींची नोंद त्यात असते. आपल्या वाड्यातल्या वतनाचे गट नंबर लिहून घ्या. मग त्या गटांचे सातबारे आणि जुने फेरफार काढा. कोणाच्या नावावर होतं, कोणत्या साली कोणाच्या नावावर गेलं, परवानगीचा हुकूम आहे का, नजराणा भरला का, भरला तर कोणी. तलाठी म्हणेल साहेब नाहीत. बसून राहा. तो म्हणेल रेकॉर्ड सापडत नाही. अर्ज द्या, त्यावर सही-शिक्का घ्या, माहितीच्या अधिकारात पुन्हा मागा. म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना गट नंबर ठाऊक नसतील पण बांध ठाऊक असतील, कोणत्या आंब्यापासून कोणत्या ओढ्यापर्यंत ते सांगतील.

एका गावाची यादी म्हणजे कागद. एका तालुक्याची यादी म्हणजे मोर्चा. कविता लिहा, जरूर लिहा, पण या वर्षी तिच्यासोबत तुमच्या गावचे गट नंबर पाठवा. आपण ते छापू. एकलहऱ्यापासून सुरुवात मी करतो.

जय भीम.